गॅलरीतला धूर : बाळदमा असलेल्या एका मुलाच्या घराचे प्रकरण

जानेवारी २०२३ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाला पाच महिन्यांत तिसऱ्यांदा रात्री तातडीच्या विभागात आणावे लागले, आणि त्यानंतर हे प्रकरण बालश्वसनविकारांच्या बाह्यरुग्ण विभागातून माझ्याकडे, म्हणजे वैद्यकीय समाजसेविकेकडे, आले. मुलाला तिसऱ्या वर्षापासून बाळदमा आहे. श्वासनलिकांची सूज कमी करणारा पंप तो सकाळ-संध्याकाळ घेत होता, दम लागला की घ्यायचा निळा पंप घरात होता, आणि 'पंपाची सवय लागते' म्हणून तो मध्येच बंद करण्याची जी चूक अनेक घरांत होते ती इथे झालेली नव्हती. आईने माझ्यासमोर पंप हलवून, स्पेसरला, म्हणजे औषध श्वासात नीट जावे म्हणून पंपाला लावायच्या पोकळ नळीला, जोडून, मुलाला संथ श्वास घ्यायला लावून दाखवले; बोट ठेवावे अशी जागा त्यात सापडली नाही. डोस सहा महिन्यांत दोनदा वाढवून झाला होता. केसपेपरच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी दोनच वाक्ये लिहिली होती : औषध बरोबर आहे. घर पाहावे.

त्यानंतरच्या सुमारे चौदा महिन्यांची ही नोंद आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले असून घरातल्या माणसांचा उल्लेख मुलाच्या नात्यानेच केला आहे.

"घरात नाही"

"घरात कोणी सिगारेट ओढतं का?" या प्रश्नाला आई आणि वडील एका सुरात म्हणाले, "घरात नाही." या उत्तरातला भर 'नाही'वर नसून 'घरात'वर होता, हे मला दोन आठवड्यांनी, घरभेटीच्या वेळी कळले. वडिलांनी त्या दिवशी डोंबिवलीच्या हवेकडे बोट दाखवले होते. ते अगदीच चूक नव्हते. एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांचा वास काही रात्री उशाशी येऊन बसतो आणि २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्याही झाल्या होत्या. परंतु गावची हवा हे कारण असे असते की ते मान्य केले की कोणालाच काही करावे लागत नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीला लागून ग्रिल बसवलेली चार फुटी गॅलरी. राहणारी माणसे पाच : मुलगा, आई-वडील, शहात्तर वर्षांची आजी आणि वडिलांचे थोरले बंधू, म्हणजे मुलाचे काका. काका अठ्ठावन्न वर्षांचे, अविवाहित, एका छापखान्यात नोकरीला. दिवसाला दहा-बारा सिगारेटी, त्यांपैकी घरी असताना चार-पाच, रविवारी आठ-नऊ. त्या सगळ्या गॅलरीत, सरकते दार ओढून घेऊन, आणि ओढून झाल्यावर वेलदोडा चावून. त्यांच्या दृष्टीने त्यांनी घराची पुरेपूर काळजी घेतली होती.

या काकांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्याशिवाय पुढच्या दोन महिन्यांचे मौन समजत नाही. कुटुंब मूळचे गिरणगावातले. आजोबा एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांप्रमाणे या घराचाही पगार जो थांबला तो पुन्हा सुरू झालाच नाही. काका तेव्हा सतरा वर्षांचे होते, धाकटा भाऊ तीन वर्षांचा. काकांनी शिक्षण सोडून छापखान्यात रात्रपाळी धरली. पहाटे तीनला डोळे उघडे राहावेत म्हणून सोबतच्या कामगारांनी दिलेली पहिली सिगारेट त्याच पाळीतली. धाकट्याचे शाळा-कॉलेज, त्याचे लग्न, आणि लालबागची खोली सोडून डोंबिवलीत घेतलेल्या या घराची पहिली रक्कम, हे सगळे त्या पाळीतून उभे राहिले. त्यामुळे 'दादा, गॅलरीत ओढू नका' हे सहज वाटणारे वाक्य या घरात सहज नव्हते. वडिलांना ते कृतघ्नपणाचे वाटत होते. आई तर थोरल्या दिरांशी गरजेपुरतेच बोलणारी. तिने ते उच्चारण्याचा प्रश्नच येत नव्हता.

गॅलरीत काय होते

घरभेटीत मी गॅलरीत दहा मिनिटे उभी राहिले. तुळशीच्या कुंडीमागे नारळाची करवंटी होती आणि तिच्यात थोटके. डोक्यावर तीन दोऱ्या, आणि मधल्या दोरीवर मुलाचा शाळेचा गणवेश वाळत घातलेला. मी सदऱ्याची बाही नाकाशी नेली. धुवून वाळलेल्या कापडाला थंड राखेचा वास होता. आई शेजारीच उभी होती; ती हळूच म्हणाली, "मी दोनदा धुते, मॅडम." म्हणजे तिला हे ठाऊक होते आणि त्यावरचा जो उपाय तिच्या अखत्यारीत होता तो ती रोज करत होती.

दार बंद करून गॅलरीत ओढणे ही तडजोड आपल्याकडे शिष्टसंमत आहे, म्हणून ती का फसते हे सांगितले पाहिजे. ओढणाऱ्याच्या नाकातोंडातून बाहेर पडतो तो धूर खोलीतल्या एकूण धुराचा लहान भाग असतो; मोठा भाग दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात नुसत्याच जळत राहणाऱ्या टोकाचा असतो, आणि तो कोणत्याही फिल्टरमधून गेलेला नसतो. सरकत्या दाराच्या खालच्या फटीतून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आणि पंखा चालू असेल तर अधिकच जोमाने तो आत ओढला जातो. यातले सूक्ष्म कण धूर दिसेनासा झाल्यावरही हवेत राहतात. निकोटिन पडदे, गादी, कपडे यांवर बसते आणि तिथून सावकाश सुटत राहते. सिगारेट विझवून आत आलेल्या माणसाच्या पहिल्या काही श्वासांतूनही कण बाहेर येत असतात. मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते, त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, आणि दम्यात त्या आधीच सुजलेल्या असतात. धूर रोजचा असेल तर ही सूज धुमसतच राहते आणि डॉक्टर डोस वाढवत राहतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ सालच्या अहवालाने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही : दुसऱ्याच्या धुराचे सुरक्षित असे प्रमाण नाही, आणि वेगळी खोली, खेळती हवा किंवा हवा गाळणारे यंत्र यांनी हा धोका पूर्णपणे टळत नाही. वडील त्या सुमारास हप्त्यांवर एअर प्युरिफायर घेण्याच्या बेतात होते. बावीस हजार खर्च करून भावाशी बोलणे टाळता येईल, असा तो हिशेब होता.

मुलाची गादी गॅलरीच्या दारालगत होती. ती आतल्या भिंतीला सरकवणे आणि गणवेश आतल्या खिडकीपाशी वाळवणे, एवढे मी त्याच दिवशी करायला सांगितले, कारण त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती.

वही

फेब्रुवारीचे चार आठवडे आईने एक वही ठेवली. सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटरच्या, म्हणजे फुंकर किती वेगाने बाहेर पडते ते मोजणाऱ्या उपकरणाच्या, तीन फुंकांपैकी सर्वांत चांगला (म्हणजे सर्वांत मोठा) आकडा, रात्री खोकला किती वेळा, निळा पंप किती वेळा आणि घरी कोण कोण होते, असे चार रकाने. मुलाचा सर्वांत चांगला आकडा १९० होता. महिनाअखेर आम्ही वही उघडून बसलो तेव्हा दर सोमवारी सकाळी १३५ ते १५० आणि बुधवार-गुरुवारपर्यंत पुन्हा १८०च्या वर, हे चार वेळा घडलेले दिसले. शाळेच्या गैरहजेऱ्याही बहुतेक सोमवारच्याच. वडील बराच वेळ तो रकाना पाहत होते. डोंबिवलीची हवा सोमवारी बिघडून गुरुवारी सुधारत नाही, हे मला सांगावे लागले नाही.

अशा वेळी लघवीतील कोटिनिनची तपासणी करता येते. निकोटिनचे शरीरात जे रूपांतर होते ते त्यात मोजले जाते आणि मागच्या दोन-तीन दिवसांतल्या धुराचा अंदाज येतो. डॉक्टरांनी तसे सुचवलेही. मी ती तपासणी टाळण्याचा आग्रह धरला. वही घरातल्या माणसांनी लिहिलेली होती. प्रयोगशाळेचा कागद या घरात पुरावा म्हणून वाचला गेला असता, आणि पुरावा म्हटला की आरोपी आलाच.

वहीत एक विसंगती मात्र होती. आईने लिहिलेला रात्रीचा खोकला आणि सकाळचा आकडा जुळत नव्हते. खोकला एकदा आणि आकडा १३५ अशा नोंदी होत्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलगा माझ्या टेबलावर चित्र काढत बसला असताना मी त्याला विचारले, रात्री खोकला येतो तेव्हा तू काय करतोस. त्याने खडू न थांबवता सांगितले, "उशीत खोकतो." का, तर आवाज झाला की आई उठते, मग बाबा उठतात, मग कोणी बोलत नाही. आणि काका सकाळी त्याला शाळेच्या बसपर्यंत सोडायला येत नाहीत.

या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब मला हीच वाटते. बाळदम्यात दडवलेला खोकला धोकादायक असतो, कारण निळा पंप केव्हा द्यायचा हे घरचे खोकल्यावरून आणि धापेवरून ठरवतात. मोठी माणसे एकमेकांचा मान राखत होती आणि त्याची किंमत एक मूल उशीत तोंड खुपसून मोजत होते.

मिशरीचा तवा

त्याच आठवड्यात मी न कळवता दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा घरी गेले. जिन्यातच घशाला ठसका लागेल असा जळका वास आला. आजी गॅसवर जुना तवा ठेवून तंबाखू भाजत होत्या. आठवड्यातून दोनदा, घर निवांत असते तेव्हा, त्या दातांना लावायची मिशरी करतात. काळी होईपर्यंत भाजायची आणि मग चुरायची. मुलगा शाळेतून चारला येतो. पहिल्या भेटीत मी फक्त गॅलरी पाहिली होती, कारण मला सिगारेटच शोधायची होती. पाच आठवडे माझ्या नजरेतून हा तवा निसटला, ही माझी चूक आहे.

महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा तोंडात ठेवण्याचा, दाताला लावण्याचा तंबाखूच जास्त, आणि बायकांच्या मिशरीला तर कोणी तंबाखू म्हणतच नाही. आजी मला अगदी मनापासून म्हणाल्या, "मला कसलं व्यसन नाही बाई." मग त्या दिवशी मी घरातले सगळे धूर मोजले. सकाळ-संध्याकाळ देवापुढे चार उदबत्त्या, शुक्रवारी धूप, रात्री मच्छरांची कॉइल, दोन दुपारी मिशरी. सोमवारच्या घसरणीचे मुख्य कारण सिगारेट होते यात शंका नाही, पण एकटी सिगारेट नव्हती. पुढे हा शोधच उपयोगी पडला. तोपर्यंत घरातला प्रश्न 'काकांचा' होता. तो 'धुराचा' करता येईल अशी वाट आता दिसू लागली.

काका

काकांना दवाखान्यात येण्याविषयी दोनदा निरोप गेला होता आणि दोन्ही वेळा त्यांनी टाळले होते. तिसऱ्या वेळी निरोप दिला नाही. मुलाची तपासणीची तारीख होती, वडिलांना रजा नव्हती, म्हणून काकाच त्याला घेऊन आले. डॉक्टरांनी त्यांना मुलाच्या शेजारी बसवले. मुलाने मीटरमध्ये फुंकर मारली, काटा १६० वर थांबला. मग त्याने मीटर काकांपुढे धरले : "आता तुम्ही." नवी कागदी नळी लावून काकांनी पूर्ण जोर लावला. काटा २७०. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाकडून याच्या दीडपटीहून अधिक अपेक्षित असते. मुलगा खूश झाला, कारण काकांचा आकडा त्याच्यापेक्षा मोठा होता. काका काही बोलले नाहीत.

नंतर माझ्या खोलीत आम्ही तासभर बसलो. मी सोडण्याविषयी काहीच बोलले नाही; सकाळची पहिली सिगारेट उठल्यावर किती वेळाने लागते एवढेच विचारले. ते म्हणाले, "डोळे उघडले की." उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत पहिली लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे असे समजतात, आणि अशा माणसाला 'मनावर घ्या' असे सांगण्याला फारसा अर्थ नसतो. त्यांनी पूर्वी दोनदा सोडून पाहिली होती. एकदा आजोबा गेले तेव्हा, चाळीस दिवस. मग मी वही काढली. त्यांनी चष्मा लावून ती प्रूफ वाचावे तशी ओळीओळीने बोट फिरवत वाचली आणि रविवारच्या ओळींवर थांबत गेले. शेवटी म्हणाले, "हे मला धाकट्यानं एकदा तोंडानं सांगायला काय हरकत होती? मी काय परका आहे? घरात बायका खिडक्या लावतात, पडदे धुतात. मला दिसत नाही असं वाटतं का त्यांना?"

ज्यांचा अपमान होऊ नये म्हणून दोन वर्षे कोणी तोंड उघडले नव्हते, त्यांना तेच मौन अपमानासारखे लागत होते. मी वडिलांना फोन करून एवढेच सांगितले की तुम्हीच बोलायचे आहे, आईने नाही, आजीनेही नाही आणि मीही नाही.

ते बोलणे १९ मार्चच्या रविवारी झाले. मी तिथे नव्हते. आईच्या सांगण्यानुसार वडील टीव्हीकडे पाहत म्हणाले, "दादा, तुमच्यामुळं मी शिकलो. आता ह्याचा श्वास तुमच्या हातात आहे. गॅलरीत नको." काकाही टीव्हीकडेच पाहत 'बरं' म्हणाले. वडिलांच्या सांगण्यात हीच हकिकत पुष्कळ लांब आणि बरीच शूर आहे.

वडिलांनी एकदा कायद्याचेही विचारले होते. त्यांच्या प्रश्नामागे अशी आशा होती की सरकारनेच हे काम परस्पर करून टाकले असेल. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली, २००३ मध्ये तंबाखू उत्पादनांविषयीचा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. पण हा कायदा उंबरठ्याबाहेर थांबतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर सहन करावा लागत असल्याचे आढळले, आणि त्या घरांत आत शिरून बोलणारे घरचेच कोणी तरी असावे लागते.

पाडव्यापासून

२२ मार्चच्या गुढीपाडव्यापासून घरात कोणताच धूर करायचा नाही असे ठरले. सिगारेट गॅलरीतही नाही. मच्छरांसाठी जाळी आणि मच्छरदाणी. देवापुढे समई राहील, उदबत्ती नाही. यावर आजींनी तीन दिवस अबोला धरला, मग काकांनीच त्यांना सांगितले, "आई, मी माझी बंद केली, तू तुझी कर." मिशरी भाजणे थांबले, मिशरी थांबली नाही, त्या बाजारातली तयार पुडी आणतात. ती सोडावी म्हणून माझे प्रयत्न अजून चालू आहेत आणि त्यांचे हसणेही.

काकांसाठी नियम आणखी काटेकोर होते. सिगारेट इमारतीच्या आवाराबाहेर, कोपऱ्यावरच्या टपरीपाशी. ओढताना घालायचा एक जुना सदरा, जो दाराबाहेरच्या खिळ्यावर राहील. वर आल्यावर हात-तोंड धुवायचे आणि अर्धा तास मुलाला जवळ घ्यायचे नाही. हा शेवटचा भाग त्यांना सर्वांत जड गेला, कारण कामावरून आल्या आल्या मुलगा त्यांच्या पायांना मिठी मारतो. त्यावर तोडगा मुलानेच काढला : काका आले की तो भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहून काटा सहाच्या पुढे जाण्याची वाट पाहू लागला.

एप्रिलमध्ये सोमवारचे आकडे १७० च्या वर गेले. उशीत खोकणे थांबले की नाही हे कळायला वेळ लागला; मी आईला एवढेच सुचवले की तो खोकला तर आधी 'सांगितलंस ते बरं केलंस' असे म्हणायचे, आणि त्या वेळी घरातल्या कोणाकडेही पाहायचे नाही.

पावसाळा

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सलग पाऊस होता. आवारात गुडघाभर पाणी साचले, टपरी बंद, लोकल गाड्या रखडलेल्या. काका दोन दिवस घरातच होते. पहिल्या दिवशी त्यांनी जिन्याच्या वळणावर ओढली, दुसऱ्या दिवशी गॅलरीत, दाराला ओला टॉवेल लावून. तिसऱ्या पहाटे मुलाला दम लागला. निळ्या पंपाने उतरेना. पाण्यातून रिक्षा मिळवून त्याला काकांनीच दवाखान्यात आणले. नेब्युलायझरने तीनदा औषध दिले, तोंडावाटे स्टेरॉइडचा छोटा कोर्स सुरू झाला आणि सकाळी दहाला मुलगा घरी गेला. काका बाकावर ओल्या कपड्यांत बसून होते. मला पाहून म्हणाले, "मीच केलं हे."

अशा वेळी 'तसं काही नाही' असे म्हणणे खोटे ठरते आणि 'होय' म्हणणे निरुपयोगी. मी म्हटले की नियम कोरड्या दिवसांसाठी केला होता, ओल्या दिवसांसाठी केलाच नव्हता, आणि हे खरेही होते. त्यांनी खिशातून पाकीट काढले. त्यावर छापलेला राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर असतो. त्यांनी तो इतकी वर्षे वाचला होता, फिरवला नव्हता. त्या आठवड्यात फिरवला. समुपदेशकाशी मराठीत बोलता आले, हे त्यांना विशेष वाटले. डॉक्टरांनी निकोटिनचा च्युइंगम लिहून दिला. पहिला त्यांनी पानासारखा भराभर चघळला आणि तासभर उचक्या देत बसले. तो चार-दोनदा चावून गालात धरून ठेवायचा असतो हे सांगायचे माझ्याकडून राहिले होते. पावसाळी दिवसांत आणि रात्री नऊनंतर सिगारेटीऐवजी च्युइंगम, एवढे ठरले. तेव्हापासून गॅलरीतली करवंटी गेली.

गावचा गणपती

१९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. या कुटुंबाचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि गणपतीला त्या घरात वीसेक माणसे जमतात. पडवीत रात्री भजन, आणि भजनाला बसलेल्यांच्या हातात विडी-सिगारेट. शिवाय चूल, धूप, अंगणातले फटाके. आदल्या वर्षी मुलाची दुसरी तातडीची खेप गावाहून परतल्यावरच झाली होती, म्हणून आईला या वेळी न्यायचेच नव्हते. वडिलांना गणपती चुकवणे शक्य नव्हते. मी दोन्ही पंप, स्पेसर, दम लागल्यास काय करायचे त्याचा डॉक्टरांचा कागद आणि तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्याचा रस्ता एवढे पक्के करून दिले. मुलाने आतल्या खोलीत झोपावे असे सुचवले. पडवीचे काय करायचे, यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तिथे जे झाले ते आईने मला नंतर सांगितले. पहिल्या रात्री टाळ काढण्याआधी काका उभे राहिले आणि म्हणाले, "पोराला दमा आहे. ज्याला विडी ओढायची त्यानं गडग्याच्या पलीकडे जायचं. मीपण तिथंच जाणार आहे." घरातला वडीलधारा माणूस, तोही सगळ्यांच्या माहितीतला सिगारेटवाला, कोणी हूं की चूं केले नाही. मग पाच दिवस रात्री गडग्याच्या पलीकडे विड्यांचे ठिपके दिसत होते. मुलगा भजनाला पडवीत बसला. हेच वाक्य आईने किंवा वडिलांनी म्हटले असते तर 'शहरातल्या लोकांची थेरं' म्हणून हसण्यावारी गेले असते, अशी माझी खात्री आहे.

मामा

मामाच्या बाबतीत मात्र उलटे झाले. मामाही सिगारेट ओढतो, आणि मेच्या सुटीत मुलगा नाशिकला त्याच्याकडे पंधरा दिवस राहतो. सख्खा धाकटा भाऊ, त्यामुळे आईने एप्रिलमध्ये एका फोनवर स्पष्ट सांगून टाकले : ओढणार असशील तर पोराला पाठवणार नाही. दिरांपुढे वर्षानुवर्षे गिळलेले सगळे तिने भावावर काढले असावे, असे मला तिच्या बोलण्यावरून वाटले. मामा दुखावला. सुटी रद्द झाली. मुलाची प्रकृती मे महिन्यात उत्तम राहिली, पण आईचे माहेर तुटल्यासारखे झाले. हे मी वेळीच ओळखायला हवे होते. सासरच्या माणसाशी कसे बोलावे याचा विचार करण्यात मी दोन महिने घालवले. माहेरच्या माणसाशी कसे बोलावे याचा दोन मिनिटेही केला नाही.

सध्याची स्थिती

१९ नोव्हेंबरला अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि काकांचे दोन मित्र नेहमीप्रमाणे घरी आले होते. आईने वहीत त्या दिवशी 'कोण कोण होते' या रकान्यात शेवटची नोंद केली आहे : काका चार वेळा खाली, मित्र पाच वेळा, गॅलरी बंद. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, आकडा १८५. त्यानंतर तो रकाना भरायची गरज उरली नाही असे तिने ठरवले.

जुलैनंतर मार्च २०२४ पर्यंत मुलाला तातडीच्या विभागात आणावे लागलेले नाही. दिवाळीत फटाक्यांच्या धुराने दोन रात्री निळा पंप लागला. उंची वाढली तसा त्याचा सर्वांत चांगला आकडा आता २१० आहे, आणि रोजच्या पंपाचा डोस डॉक्टरांनी फेब्रुवारीत एक पायरी खाली आणला. काकांनी सिगारेट सोडलेली नाही. डिसेंबरमध्ये ती बंद होती; जानेवारीत छापखान्यातला एक जुना सोबती गेला आणि ती पुन्हा सुरू झाली. आता दिवसाला तीन, तिन्ही स्टेशनजवळ, घरी निघण्याच्या आधी. दाराबाहेरच्या खिळ्यावरचा सदरा अजून तिथेच असतो.

मामाने मार्चमध्ये फोन करून विचारले की या वर्षी मुलाला पाठवणार का, आणि घरात ओढणार नाही असे सांगितले. आईने मला विचारले, 'घरात नाही' म्हणजे काय ते त्याला कोणी समजवायचे. मी तिला मामाचा फोन काकांकडे द्यायला सुचवले आहे. पुढची तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे.